तारीख तीच, पण दिवस तोच का?

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. एकाच दिवशी गांधीजयंती, लालबहादूर शास्त्रींची जयंती, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि त्याच शहरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा शताब्दीचा विजयादशमी उत्सव. इतकं सगळं एका दिवशी कसं जुळून आलं, असा प्रश्न पडणं साहजिक होतं.

जरा उलगडून पाहू. गांधीजी १८६९ मध्ये आणि शास्त्रीजी १९०४ मध्ये खरोखरच २ ऑक्टोबरला जन्मले. संघाची स्थापना २७ सप्टेंबर १९२५ची, तर बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ला. या दोन्ही दिवशी दसरा होता आणि दोन्ही प्रसंग आजही दसऱ्यालाच साजरे होतात. म्हणजे दोन घटना तारखेने बांधलेल्या, दोन तिथीने. २०२५च्या दिनदर्शिकेत त्या एका चौकटीत आल्या आणि वर्ष सरताच पुन्हा पांगल्या.

वर्तमानपत्रातलं ‘दिनविशेष’ अनेकांसारखं मीही आवडीने वाचतो. पण ‘आजच्याच दिवशी’ असं म्हटलं की त्यामागे फार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी साधं गणित असतं, कधी माणसांनी मुद्दाम केलेली निवड असते आणि कधी तर दोन्ही घटनांची तारीख एक असूनही दिवस एक नसतो. हा फरक कळला नाही तर योगायोगाला दैवी संकेत समजलं जातं आणि एखाद्या राजकीय निर्णयाला योगायोग.

## आधी गणित

एखाद्या मोठ्या सोसायटीच्या जिन्याखाली ३६६ टपालपेट्या आहेत असं समजा. पोस्टमन डोळे मिटून हजारो पत्रं त्यांत टाकतोय. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पेटीत ढीगभर पत्रं असतील, आणि काही पेट्यांत एकमेकांशी गमतीदार नातं असलेली पत्रंही सापडतील. तारखांचं असंच आहे. जगाच्या इतिहासात नोंद घ्यावी अशा घटना लाखोंनी आहेत, तारखा फक्त ३६६. एकही तारीख रिकामी राहणं शक्य नाही.

तरीही जुळणी इतक्या लवकर होते यावर मनाचा विश्वास बसत नाही. एका खोलीत २३ माणसं असतील, तर त्यांतल्या कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ५० जणांच्या वर्गात ती सुमारे ९७ टक्के होते. कारण आपण माणसं मोजतो, जुळणी मात्र जोड्यांमध्ये होते, आणि २३ माणसांच्या जोड्या होतात २५३. मात्र त्याच खोलीत ‘माझ्याच’ तारखेचं कोणी सापडेल का असं विचारलंत, तर शक्यता जेमतेम ६ टक्के. ‘कोणतीही’ जुळणी आणि ‘ठरावीक’ जुळणी यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२३ मार्च घ्या. १९३१ मध्ये या दिवशी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फाशी गेले. डॉ. राममनोहर लोहियांचा जन्म २३ मार्च १९१०चा. त्या फाशीनंतर त्यांना आपला वाढदिवस साजरा करावासा वाटत नसे. दोन तारखा निव्वळ योगायोगाने जुळल्या, पण त्या जुळणीने एका माणसाचं वागणं बदललं. याच लोहियांनी १८ जून १९४६ला मडगावात सभा घेऊन गोव्याच्या लढ्याला तोंड फोडलं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला, आणि १९ डिसेंबर ही रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांच्या १९२७ मधल्या फाशीचीही तारीख. लष्करी कारवाई संपली त्या दिवशी ती तारीख होती, एवढाच तो संबंध.

## पण मग २६ तारखेचं काय?

हा आक्षेप हमखास येतो. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१. त्सुनामी २६ डिसेंबर २००४. मुंबईचा महापूर २६ जुलै २००५. मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबर २००८. चारही तारखा अगदी खऱ्या आहेत, आणि ज्यांनी २६ जुलैला कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलं त्यांच्यासाठी तो आकडा नुसता आकडा उरलेला नाही, हे मला कळतं.

पण यादी कशी बनली ते पाहा. इथे महिना सोडून दिला आहे. नुसती २६ जुळली की पुरे. २००१ ते २००८ या आठ वर्षांत २६ तारीख ९६ वेळा आली. त्यांतल्या चार उचलल्या, उरलेल्या ९२ कोणाला आठवत नाहीत. आता ११ तारखेची यादी करू: कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, न्यूयॉर्कचा हल्ला ११ सप्टेंबर २००१, माद्रिदचे रेल्वे स्फोट ११ मार्च २००४, मुंबईच्या लोकलमधले स्फोट ११ जुलै २००६, जपानची त्सुनामी ११ मार्च २०११. ही यादी २६च्या यादीपेक्षाही लांब झाली. ३० तारीख घेतली तर महात्मा गांधींची हत्या, किल्लारीचा भूकंप आणि माळीणची दरड. उत्तर आधी ठरवून उदाहरणं गोळा केली की कोणतीही तारीख अशुभ ठरते.

आणि २६चं दुसरं पान? एकट्या २६ जुलैचंच बघा. १९०२ मध्ये याच तारखेला राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९९९ मध्ये कारगिलची लढाई संपली ती याच तारखेला. आणि २००५ मध्ये सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला तोही याच तारखेला. या तिन्हींना ओवणारा धागा नाही. प्रत्येकीची कारणं वेगळी आहेत, आणि ती कारणं शोधण्यातच खरा अभ्यास आहे. मुंबईतल्या मिठी नदीचं काय झालं हे विचारायच्या ऐवजी आकड्याला दोष देणं मला धोकादायक वाटतं.

## काही तारखा मुद्दाम निवडलेल्या असतात

२६ जानेवारी मात्र योगायोग नाही. लाहोरच्या अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. पुढची सतरा वर्षं तोच ‘स्वातंत्र्यदिन’ होता. प्रत्यक्ष स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आलं आणि २६ जानेवारी पोरकी झाली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारली गेली, काही कलमं लगेच लागू झाली, बाकीची दोन महिने थांबवून २६ जानेवारी १९५०पासून. त्या तारखेचा मान राखण्यासाठी.

मग १५ ऑगस्ट कुठून आला? ब्रिटिश सरकारने आधी जून १९४८ ही मुदत दिली होती. माउंटबॅटन यांनी ती जवळजवळ एक वर्ष अलीकडे ओढली. १५ ऑगस्ट ही जपानच्या शरणागतीची तारीख. १९४५ मध्ये त्या दिवशी सम्राट हिरोहितोंनी रेडिओवरून ती जाहीर केली, आणि माउंटबॅटन तेव्हा आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे सरसेनापती होते. आपण तारीख निवडताना हाच दिवस डोळ्यांपुढे होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. याच शरणागतीमुळे कोरिया जपानच्या ताब्यातून सुटला, आणि दक्षिण कोरियाने आपलं सरकार १५ ऑगस्ट १९४८ला मुद्दाम त्याच तारखेला स्थापन केलं. भारत आणि दक्षिण कोरियाचा राष्ट्रीय सण एका दिवशी येतो त्याचं मूळ असं एकच आहे. पेट्यांत डोळे मिटून पत्रं टाकणारा पोस्टमन इथे नाही, पेटी निवडून पत्र टाकणारी माणसं आहेत.

एकदा तारखेला अर्थ आला की लोक तिचा वापर करतात. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो भारतीय सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, चिखल आणि भरलेले ओहोळ. सोयीचा म्हणून तो दिवस कोणी निवडला नसता. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी गोवा अजून पारतंत्र्यात आहे, हे जगाला दाखवायचं होतं. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. सीमेवर पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे. त्यांचा स्मृतिदिन आणि स्वातंत्र्यदिन एकाच तारखेला येतो तो त्यांच्या निश्चयामुळे.

त्याच तारखेत योगायोगही आहेत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना १५ ऑगस्ट १९४२ला गेले. बरोबर पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला, पण महादेवभाईंच्या मृत्यूचा त्या निवडीशी संबंध नव्हता. योगी अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२चा. स्वातंत्र्याच्या दिवशी त्यांना ७५ वर्षं पूर्ण झाली, आणि आपण हा नुसता योगायोग न मानता ईश्वरी शक्तीची मोहोर मानतो, असं त्यांनी त्या वेळच्या संदेशात म्हटलं. ती त्यांची श्रद्धा, आणि तिचा मान ठेवायला हवा. तारीख कशी ठरली याचं उत्तर मात्र माउंटबॅटन यांच्या कचेरीत शोधावं लागतं.

## एक तारीख दुसरीला ओढते: जर्मनीचा ९ नोव्हेंबर

निवड आणि योगायोग एकमेकांत किती गुंततात याचं सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीत आहे. ९ नोव्हेंबर १९१८ला कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, पदत्यागाची घोषणा झाली आणि बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. हिटलरच्या दृष्टीने तो देशद्रोह होता. पाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर १९२३च्या रात्री, म्युनिकच्या एका मोठ्या बिअर हॉलमध्ये त्या घटनेच्या पाचव्या वर्षदिनानिमित्त सभा चालू असताना तो हत्यारबंद माणसांसह घुसला. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, पोलिसांच्या गोळीबाराने त्याचं बंड मोडलं.

सत्तेवर आल्यावर नाझींनी हा बंडाचा दिवस दरवर्षी म्युनिकमध्ये साजरा करायला सुरुवात केली. १९३८ मध्ये ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पक्षाचे सगळे जुने पुढारी तिथे भोजनाला जमले होते. पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाने गोळ्या झाडलेला जर्मन अधिकारी मरण पावल्याची बातमी तिथे पोहोचली. गोबेल्सने भडकावणारं भाषण केलं आणि जमलेल्या पुढाऱ्यांनी तिथूनच आपापल्या गावी फोन फिरवले. त्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले गेले आणि पुढच्या दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं. त्या अधिकाऱ्याचा मृत्यू त्याच दिवशी होणं कोणी ठरवलं नव्हतं. पण हुकूम द्यायला सगळे एका छताखाली आयते सापडले ते वर्षदिनामुळे. मला इतिहासातली ही जागा अंगावर काटा आणणारी वाटते.

वर्षदिन ठरलेला असला की माणूस कुठे असेल हेही ठरलेलं असतं. गेओर्ग एल्सर नावाच्या सुताराने हे हेरलं. त्याने रात्री-रात्री लपून त्याच बिअर हॉलचा खांब पोखरला आणि आत घड्याळी बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ला तो ठरल्या वेळी फुटला, आठ माणसं मेली. हिटलर त्या वर्षी भाषण लवकर आटोपून १३ मिनिटं आधी निघून गेला होता.

आणि ९ नोव्हेंबर १९८९? बर्लिनची भिंत त्या संध्याकाळी उघडली ती एका घोटाळ्यामुळे. प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते. पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांच्या हातात कागद होता, पण ही मुदत त्यांना कोणी सांगितली नव्हती. नियम कधीपासून लागू, या प्रश्नावर ते ‘ताबडतोब’ म्हणाले आणि रात्री लोकांनी नाके गाठले. हा शुद्ध योगायोग. देश एकत्र आल्यावर राष्ट्रीय दिन म्हणून ९ नोव्हेंबर घ्यावा असं अनेकांना वाटलं, पण १९३८च्या रात्रीची आठवण असलेल्या तारखेला जल्लोष नको म्हणून ३ ऑक्टोबर ठरला. तारीख टाळणं हीसुद्धा निवडच आहे.

## एकाच तारखेचे दोन दिवस

६ जूनच्या दिनविशेषात रायगडावरचा राज्याभिषेक, १६७४, आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचं दोस्त सैन्याचं आक्रमण, १९४४, शेजारी-शेजारी छापलेले असतात. पण या दोन घटनांचा वर्षातला दिवस एक नाही.

युरोपात पूर्वी ज्युलियन दिनदर्शिका होती. तिचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं, म्हणजे ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटं मोठं. शतकं उलटली तशी ही मिनिटं साचत १० दिवसांची चूक झाली. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी ती दुरुस्त केली: ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर धरला. हीच आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन दिनदर्शिका. पोर्तुगालने ती लगेच घेतली, इंग्लंडने १७५२पर्यंत घेतली नाही.

म्हणजे शिवकाळात कोकणच्या किनाऱ्यावर एकाच दिवसाला दोन तारखा होत्या. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. त्याच्या पद्धतीने ती ६ जून. त्याच दिवशी गोव्यातला पोर्तुगीज लेखनिक आपल्या कागदावर १६ जून लिहीत होता. रायगडावर मात्र ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आपल्या इतिहासकारांनी जुन्या तिथ्यांचं रूपांतर करताना १७५२पूर्वीसाठी इंग्रजांची जुनी पद्धत वापरली आणि ६ जून रूढ झाली. ती चूक नाही, तो एक संकेत आहे. पण आजच्या दिनदर्शिकेत सूर्य त्या जागी येतो तो १६ जूनला.

जागतिक पुस्तक दिनाचंही तसंच. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टेस यांच्या नावे २३ एप्रिल १६१६ ही एकच तारीख सांगितली जाते. स्पेनमध्ये नवी दिनदर्शिका होती, इंग्लंडमध्ये जुनी. प्रत्यक्षात शेक्सपिअर किमान दहा दिवस नंतर गेला.

## मग शिवजयंती नेमकी कधी?

शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ला झाला. जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींतली) ही नोंद आज बहुतेक अभ्यासक मानतात. तिचं ज्युलियन रूपांतर १९ फेब्रुवारी १६३०, आणि राज्य सरकार हीच तारीख पाळतं. त्या काळच्या इंग्रजाने तर साल १६२९ लिहिलं असतं, कारण त्यांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३०.

तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावरून ठरते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी ११ दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की पुढे उडी घेते. तिथीची शिवजयंती २०२४ मध्ये २८ मार्चला होती, २०२५ मध्ये १७ मार्चला. दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख जवळजवळ पुन्हा जुळतात. स्वतःच्या एकोणिसाव्या किंवा अडतिसाव्या वाढदिवसाची तिथी पंचांगात पाहा, जन्मतिथीच्या अगदी जवळ सापडेल.

‘मग कधीतरी १९ फेब्रुवारीलाच फाल्गुन वद्य तृतीया येईल, तेव्हा वाद मिटेल’ असं कोणी म्हणेल. तसं होणार नाही. आजच्या काळात ही तिथी मार्चच्या आरंभाच्या अलीकडे येऊच शकत नाही. १९ फेब्रुवारी हा जुन्या दिनदर्शिकेतला आकडा आपण नव्या दिनदर्शिकेत ठेवला आहे, त्यामुळे तिथी आणि तारीख यांची गाठ पडण्याचा मार्गच बंद झाला. दोन्ही बाजू एकाच दिवसाबद्दल बोलत आहेत, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. दोन दिवस महाराजांचं स्मरण होत असेल, तर त्यात भांडण्यासारखं मला काही दिसत नाही.

## पानिपतच्या दिवशी संक्रांत होती का?

१४ जानेवारी १७६१, बुधवार. पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. ही तारीख इंग्रजांनी दिनदर्शिका बदलल्यानंतरची, म्हणजे आजच्याच पद्धतीची. इथे दहा दिवसांचा घोळ नाही. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत, म्हणून लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

पण संक्रांत एका तारखेला खिळलेली नाही. आपलं पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, ग्रेगोरियन दिनदर्शिका ऋतूंच्या. पहिलं वर्ष दुसऱ्यापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. म्हणून संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्याची तारीख १२ जानेवारी १८६३. आता आणखी शंभर वर्षं मागे जा. १७६१ मध्ये सूर्य मकर राशीत शिरला तो १० जानेवारीच्या सुमारास. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते, तिथी पौष शुद्ध अष्टमी होती. छावणीत तिळगूळ तर सोडाच, धान्यही उरलं नव्हतं. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरवून सैन्य बाहेर पडलं होतं.

आज दरवर्षी १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंब इथे महाराष्ट्रातून लोक जातात. गेल्या काही दशकांत संक्रांतही बहुतेक त्याच तारखेला येत होती, म्हणून दोन्ही एकच वाटू लागले. आता ती काही वर्षी १५ला येते, पुढच्या शतकात १६ लाही येऊ लागेल. काला आंबला जाणाऱ्यांची तारीख मात्र १४च राहील.